दारूच्या दिवसाची गोळी

आमच्या खोलीत माणसाच्या आधी त्याची डबी बोलते.

पांढरी प्लास्टिकची डबी, तीस गोळ्यांची. रोज एक गोळी. अठ्ठाविसाव्या दिवशी पुढची डबी न्यायला यायचं आणि येताना जुनी सोबत आणायची, असा नियम. म्हणजे डबीत दोन गोळ्या उरायला हव्यात. माणूस दारातून आत येऊन पिशवीत हात घालतो तेवढ्यात मला आवाज येतो. दोन गोळ्या कशा वाजतात ते माझ्या कानाला पाठ झालंय. सहा-सात असल्या की खुळखुळा वाजतो, आणि माणूस ‘बरोबर घेतो की, ताई’ म्हणत समोर बसतो.

मी भिवंडीतल्या एका सरकारी एआरटी केंद्रात समुपदेशक आहे. एचआयव्हीसोबत जगणाऱ्या माणसांना आयुष्यभर घ्यायचं औषध जिथं फुकट मिळतं, ती ही जागा. नोकरी कंत्राटी. दर वर्षी ऑर्डर नवी निघते, खुर्ची मात्र तीच आहे, एक पाय दोनदा वेल्डिंग केलेली. अशी चौदा वर्षं झाली.

लोकांना वाटतं समुपदेशन म्हणजे धीर देणं. धीर द्यायला दहा मिनिटं पुरतात. बाकी सगळं काम विचारण्याचं. गोळी कधी घेता, कुणासमोर घेता, घरात कुठं ठेवता, पाहुणे आले तर काय करता, गावाला जाताना किती नेता. औषध रोज पोटात गेलं तर विषाणू रक्तात दबून राहतो. माणूस कामाला जातो, म्हातारा होतो, त्याच्यापासून बायकोला लागण होत नाही. खंड पडत राहिला तर विषाणू डोकं वर काढतो, वाढतो, आणि हळूहळू त्या औषधाला सरावतो. मग तेच औषध त्याच्यावर चालत नाही. आमच्या अर्ध्या गोष्टी या एका खंडाच्या असतात. आणि पुरुषांच्या बाबतीत खंडाचं कारण शोधत गेलं, की बहुतेक वेळा वाट बाटलीपाशी जाऊन थांबते.

दारूनं लिव्हर जातं हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्या माणसांची प्रतिकारशक्ती आधीच झिजलेली असते, त्यात पिणाऱ्याचं जेवण सुटतं, टीबी लवकर धरतो, आणि टीबीच्या गोळ्या पुन्हा त्याच लिव्हरवरून जातात. हे सगळं मी रोज सांगायचे. चांगलं सांगायचे, असा माझा समज होता.

माझं शिक्षण मुरबाडकडच्या एका लहान गावातल्या शाळेत झालं. वडील एसटी डेपोत गाड्या धुवायचे. घरात दहावीपुढं गेलेली मी पहिलीच. शाळेत आमच्या बाई माझ्या अक्षरावर खूश होत्या. फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम त्यांनी मला दिलं आणि ते मी तीन वर्षं केलं. त्या फळ्यानं मला कॉलेजपर्यंत नेलं, स्कॉलरशिपनं पुढं समाजकार्याच्या पदवीपर्यंत. त्या बाईंचे आणि त्या स्कॉलरशिपचे उपकार मी विसरलेली नाही. पण त्या फळ्यानं मला एक खोडही लावली. चांगलं वाक्य चांगल्या अक्षरात लिहिलं की काम झालं, असं मला वाटत राहिलं.

केंद्रात लागल्यावर दोन-तीन वर्षांनी मी एक वाक्य तयार केलं. ‘दारू आणि गोळी, एका पोटात नको.’ रंगीत स्केचपेननं कार्डशीटवर लिहून टेबलामागं लावलं. सगळ्यांना आवडलं. पाहणीला आलेल्या साहेबांनी फोटो काढला आणि कुठल्या कुठल्या ग्रुपवर टाकला. मला एक प्रशस्तिपत्रक मिळालं. ते मी आईच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं, तिनं ते देव्हाऱ्याच्या जागी असलेल्या बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलं.

कार्डशीट पावसाळ्यात ओलीनं फुगली. तेव्हा मिलिंद म्हणाला, “ताई, हे भिंतीवरच घ्या की. मी मारून देतो.”

मिलिंद (हे त्याचं खरं नाव नाही) टेमघरला राहतो. पेंटर आहे, अक्षरांचा. टेम्पोच्या मागची अक्षरं, गोडाऊनच्या शटरवरचे गाळ्यांचे नंबर, दुकानांच्या पाट्या. फ्लेक्स आल्यापासून पाट्या गेल्या, पण अंजूरच्या बाजूला शेतं जाऊन गोडाऊनं उभी राहिली आणि नंबर टाकायला कुणीतरी लागतंच. पहिल्यांदा आला तेव्हा एवढा खंगला होता की स्टुलावरून उठताना भिंत धरायचा. सात-आठ महिन्यांच्या गोळ्यांनी उभा राहिला. त्या उपकारापोटी त्यानं एका रविवारी येऊन माझं वाक्य भिंतीवर लिहिलं. निळा ऑइलपेंट, पांढरी सावली. ‘नको’ खाली लाल रेघ. पैसे विचारले तर कानाला हात लावून म्हणाला, “ताई, लाजवता काय? ह्या अक्षरांवर तर मी उभा हाय.”

त्याची डबी दर महिन्याला दोन गोळ्यांची वाजायची. चुकून तीन नाही, चुकून एक नाही. नव्या माणसांना मी सांगायचे, असं घ्यायचं औषध.

दुसऱ्या टोकाला लाडक्याबाबा. हेही नाव बदललेलं. गणेशपुरीच्या पलीकडच्या पाड्यावरचा वारली म्हातारा, भात लावणीला आणि कापणीला मजुरी, एरवी मिळेल ते. सकाळची एसटी पकडून यायचा, डबी फडक्यात बांधलेली. फडकं सोडलं की खुळखुळा. पाच, सहा, कधी आठ गोळ्या. मी चिडायचे.

“बाबा, परत राहिल्या?”

“राहिल्या.”

“विसरता?”

“न्हाय.”

“मग?”

बाबा हसायचा. पुढचं मी त्याला बोलूच द्यायचे नाही. मी माझं सगळं सांगायचे, लिव्हर, खंड, विषाणू, आणि शेवटी मागं वळून, त्याला वाचता येत नाही म्हणून, बोट ठेवून ठेवून वाक्य वाचून दाखवायचे. तो मान डोलवायचा. हे दोन वर्षं चाललं. मी त्याच्या फाइलवर ‘सहकार्य करत नाही’ असा शेराही मारला होता.

एक दिवस बाहेर रांग नव्हती. औषधं देणारे आमचे नसीमभाई चहा घेऊन आत आले होते. लाडक्याबाबानं फडकं सोडलं. सात गोळ्या. मी काही बोलायच्या आधी नसीमभाईंनीच सहज विचारलं, “बाबा, दो छोड़ के ये पाँच दिन किधर गये?”

बाबा बोटांवर मोजत सांगायला लागला. “दोन दिस पाड्यावर लगीन. एक दिस देवाचा. मंग भावाकडं गेलो, त्यानं ताडी काढली. मंग...” आणि माझ्याकडं वळून म्हणाला, “ताडी घेतली त्या दिशी गोली न्हाय घेतली. एक पन दिस चुकवलं न्हाय. तूच सांगलास ना, ताय? एका पोटात नको.”

नसीमभाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

“पन देवाच्या दिशी नको म्हनून कसा चालंल?” बाबा समजावणीच्या सुरात म्हणाला. “दारूची धार देवाला दिल्यावर आपून पन तोंडाला लावायला लागतं. मंग गोली ऱ्हायली. गोलीचा देव न्हाय ना कोन रागावत.”

मी फाइलवरच्या माझ्या शेऱ्याकडं बघत बसले. दोन वर्षं मी ज्याला न ऐकणारा समजत होते, त्यानं माझा शब्द न् शब्द ऐकला होता. मला म्हणायचं होतं, दारू सोडा. त्यानं ऐकलं, दोन्हींतलं एक घ्या. आणि लग्नाच्या दिवशी, देवाच्या दिवशी, भावाच्या दारात, दोन्हींतलं कुठलं सुटणार हे काय सांगायला हवं?

मी तशीच डॉक्टर मॅडमकडं गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. “दारू वाईटच. पण आपली ही गोळी दारूबरोबर पोटात गेली म्हणून काही विष होत नाही. प्यायलेल्या दिवशी गोळी चुकली, तर एका दिवसाचं नुकसान दोन बाजूंनी होतं. हे सगळ्यांना सांगायला हवं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मीही ती भिंत रोज बघूनच प्रिस्क्रिप्शन लिहिते. माझ्याही लक्षात आलं नाही.”

त्या आठवड्यापासून मी प्रश्न बदलला. आधी मी विचारायचे, “दारू घेता का?” या प्रश्नाला पुरुषाचं उत्तर ठरलेलं असतं. नाही. फार तर, कधीतरी. आमच्या फॉर्मवरही दोनच चौकोन आहेत, हो आणि नाही. आता मी विचारायला लागले, “ज्या दिवशी घेता, त्या दिवशी गोळीचं काय करता?”

दारंच उघडली. एक लूम कारागीर, वीस वर्षं भिवंडीत, छाती पुढं काढून म्हणाला, “मॅडम, अपना हिसाब साफ है. जुम्मे को लूम बंद, उस दिन पीना, तो उस दिन गोली भी बंद.” भिवंडीत लूमला शुक्रवारची सुट्टी असते. त्याच्या गोळीलाही दर शुक्रवारी सुट्टी होती. कुणी दुपारी गोळी घेऊन संध्याकाळी प्यायचं, मध्ये ‘पोट धुवायला’ ताक प्यायचं. कुणी लग्नसराईत आठवडाच्या आठवडा गोळी बंद ठेवायचं, म्हणजे आत काही ‘रिअ‍ॅक्शन’ नको. आणि उरलेल्या गोळ्या? “इथं यायच्या आधी गटारात. तुम्ही मोजता ना!”

मी मोजत होते म्हणून ते फेकत होते. हेही मला तेव्हा कळलं.

आम्ही उपाय काढला तो साधाच. बऱ्याच जणांना जुन्या औषधाच्या वेळेपासून रात्री झोपताना गोळी घ्यायची सवय होती, कारण त्या औषधानं चक्कर यायची. आताच्या औषधाला ते बंधन नाही. मग डॉक्टर मॅडमना विचारून एकेकाची गोळी सकाळवर आणली. पहिल्या चहाबरोबर, शिफ्टला जायच्या आधी. संध्याकाळी काय होईल ते होईल, गोळी तरी आत गेलेली असेल. लाडक्याबाबाची डबी तीन महिन्यांत दोनवर आली. दारूवर बोलणं सुरूच ठेवलं, पण ते वेगळ्या तासाला.

हे सगळं मी प्रत्येकाला विचारलं. मिलिंदला विचारलं नाही.

याचं कारण लिहायला मला वेळ लागतोय. आम्ही एकाच समाजाचे. पौर्णिमेला टेमघरच्या विहारात वंदना असते, तिथं मी पुढं बसते, पंचशील सांगताना माझा आवाज लागतो. मिलिंद आणि त्याची बायको सुजाता मागच्या रांगेत. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. ते त्याच्या तोंडून मी कितीदा ऐकलं होतं. सुरुवातीला कधीतरी फॉर्मसाठी विचारलं होतं तेव्हा तो हसून म्हणाला होता, “काय ताई! आपल्यात चालतं का?” मलाही ते ‘आपल्यात’ आवडलं होतं. ‘नाही’च्या चौकोनात टिक केली आणि पुढं दर वेळी त्याला न विचारताच करत गेले. शिकलेल्या घरातली नसले तरी मी शिकलेली बाई; आपल्या माणसांना असलं विचारणं मला अपमानाचं वाटलं.

त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी, वाढून आला. डबी तर दोनची वाजत होती. मी लॅबवर संशय घेतला. नियमाप्रमाणे तीन महिने जवळून लक्ष ठेवून पुन्हा तपासायचं होतं. त्या तीन महिन्यांत मी त्याला सगळं विचारलं. गोळी उन्हात ठेवतोस का, टेम्पोत राहते का, दुसरं कुठलं औषध, जडीबुटी घेतोस का? तो सगळ्याला नाही म्हणाला, आणि ती उत्तरं खरीच होती. एक प्रश्न मात्र मी गिळला. तो समोरच्या स्टुलावर बसलेला, आणि माझ्या मागं, त्याच्या नजरेसमोर, त्यानंच रंगवलेली अक्षरं. कारण भिंतीवरचं वाक्य अजून तसंच होतं. बाकी सगळ्यांना तोंडानं उलटं सांगत होते, पण ऑइलपेंट खरवडायला वरून परवानगी हवी होती, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पुसवत नव्हतं.

दुसरी तपासणीही वाढूनच आली. त्याच सुमारास त्याला खोकला लागला, वजन उतरलं. टीबी निघाला. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या आठवड्यात डोळे पिवळे. वॉर्डात भरती झाला. डॉक्टर मॅडम रिपोर्ट बघून म्हणाल्या, “नुसत्या गोळ्यांनी लिव्हर एवढं बसत नाही. हा पितो.”

“नाही हो मॅडम,” मी म्हणाले. “मी ओळखते त्याला.”

दुसऱ्या दिवशी सुजाता माझ्या खोलीत आली. हातात रंगाचा जुना पत्र्याचा डबा, झाकणावर वाळलेला निळा रंग. टेबलावर ठेवला आणि नखानं झाकण उचकटलं. आत कापसाचा बोळा. बोळ्याखाली गोळ्या. आमच्याच. ओंजळभर होत्या.

“थिनरच्या कपाटात होता,” ती म्हणाली. “ताई, हे काय आहे?”

तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

“फेकल्या का नाहीत त्यानं?” माझ्या तोंडून भलताच प्रश्न निघाला.

“मी वॉर्डात विचारलं. म्हणाले, ताईंनी सांगितलंय, या लोकांच्या पैशाच्या गोळ्या आहेत, एक पण वाया घालवायची नाही.” ती बसली. मग पदरानं डब्याची कड पुसत म्हणाली, “एवढं ऐकायचे तुमचं. माझं एक ऐकलं नाही.”

मी तिला आधी तपासणीला पाठवलं. नवऱ्याच्या रक्तात विषाणू वाढलेला असताना तिला धोका होता, हे तिला मीच समजावलं. तिचा निकाल येईपर्यंतची ती दुपार मी कधी विसरणार नाही. नसीमभाई दोनदा डोकावून गेले. निकाल निगेटिव्ह आला. सुजातानं कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि म्हणाली, “आता त्यांच्याशी तुम्ही बोला. माझ्यानं होत नाही.”

मी वॉर्डात गेले. मिलिंद भिंतीकडं तोंड करून पडला होता. हळदीत बुडवून काढावा तसा चेहरा. मला बघून उठायला लागला.

“झोप,” मी म्हणाले. “डबा बघितला.”

बराच वेळ तो चादरीची शिवण उसवत राहिला. मग बोलला. नवा टेम्पो निघाला की मालक पार्टी देतो, त्यात अक्षरं काढणाऱ्याचा मान पहिला. शिवाय पेंटर लोकांत समज आहे की दिवसभर थिनर नाकातोंडात गेला की घसा साफ करायला दोन घोट लागतात. आधी आठवड्याला एकदा, मग तीनदा. त्या दिवशी गोळी काढून डब्यात. म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी डबीत बरोबर दोन उरायच्या.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला?” तो पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलला. “ताई, तुम्ही विहारात पुढं बसता. पौर्णिमेला तुमच्या मागं पाचवं शील म्हणायचं आणि सोमवारी तुमच्यासमोर येऊन सांगायचं, मी पितो? बाहेरच्या मॅडम असत्या तर सांगितलं असतं.”

शेजारच्या कॉटवरचा म्हातारा कान देऊन ऐकत होता. मी आवाज खाली आणला.

“आणि गोळी का सोडलीस?”

“वाक्य मीच लिहिलंय ना,” तो म्हणाला. “लाल रेघ पण मीच मारली.”

मला त्याची माफी मागायची होती. तशी वाक्यं समुपदेशनाच्या पुस्तकात नसतात. मी एवढंच म्हणाले, “ते वाक्य चुकीचं होतं, मिलिंद. चूक माझी. तू अक्षरं काढलीस, चूक मी केली.”

त्यानं चादर नीट ओढून घेतली. मग म्हणाला, “मग लाल रेघ तुमच्या नावावर.” आणि हसायला गेला तर खोकला आला.

त्याचं पुढचं वर्ष सोपं नव्हतं. टीबीची औषधं थांबवून, लिव्हर सावरल्यावर एकेक करून पुन्हा सुरू केली. एचआयव्हीचं औषध बदलावं लागलं. आता गोळ्या जास्त, आणि त्याच्या पुढचे पर्याय फार उरलेले नाहीत, हे त्याला माहीत आहे. दारू सोडायची म्हणाला. डॉक्टर मॅडमनी त्याला दारू सोडवणाऱ्या विभागात पाठवलं. दोनदा सुटली, दोनदा पुन्हा लागली. सुजातानं थिनरचं कपाट घराबाहेर ठेवायला लावलं. तो डबा तिनं फेकलेला नाही, रिकामा करून स्वयंपाकघरात मीठ ठेवते म्हणते. का, ते मी विचारलं नाही.

अंगात जरा ताकद आल्यावर त्यानं भिंतीचं काम स्वतःच मागून घेतलं. परवानगी आली होती तेवढ्यात. दोन हात पांढरा मारला. मी नवीन वाक्य तयार ठेवलं होतं, ‘घेतली असली तरी गोळी घ्या.’ ते वर पाठवलं. उत्तर आलं की सरकारी भिंतीवर असं लिहिता येणार नाही, दारूला परवानगी दिल्यासारखं दिसतं. त्यांचंही चूक म्हणवत नाही. भिंत कोरी आहे. मी ते वाक्य एकेकाला तोंडानं सांगते. माझी ऑर्डर पुढच्या वर्षी निघाली नाही तर इथं बसणारी नवी मुलगी ते सांगेल की नाही, ठाऊक नाही. आणि माझ्या जुन्या वाक्याचा तो फोटो कुठल्या कुठल्या ग्रुपवरून कुठल्या कुठल्या भिंतीवर चढला असेल, तेही ठाऊक नाही. प्रशिक्षणाला दुसऱ्या गावी गेले की मी आधी तिथल्या भिंती बघते.

हा लेख छापायला देण्याआधी मिलिंदला वाचून दाखवला. म्हणाला, “नाव बदला. काम बदलू नका. पेंटरच राहू द्या.”

गेल्या आठवड्यात त्याची तारीख होती. स्टुलावर बसला, डबी काढली. दोन गोळ्यांचा आवाज. मला आता त्या आवाजाचीच धास्ती वाटते.

“या महिन्यात दारू किती दिवस घेतलीस?” मी विचारलं.

“एक पण नाही.”

“बरं.”

तो माझ्याकडं बघत होता, मी फॉर्मकडं. खरं असेल. खरं असायला काय हरकत आहे? पण ‘आपल्यात चालतं का’ हेही त्यानं याच स्टुलावर, असंच सरळ बघत सांगितलं होतं. चार दिवस म्हणाला असता तर मला हायसं वाटलं असतं, असा विचार मनात आला आणि त्या विचाराची लाज वाटली. मी ‘नाही’च्या चौकोनावर पेन ठेवलं. तो उठून गेला.

पुढचा माणूस आत येऊन बसला, लूमवरचा, कानांत अजून कापसाचे तंतू. त्याची डबी खुळखुळत होती. मी त्याचं नाव विचारत होते तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. मिलिंद, हातात औषधाची पिशवी. त्या माणसाला “एक मिनिट, भाई” म्हणून टेबलावर वाकला आणि हळू आवाजात म्हणाला,

“ताई, तीनदा.”

“आणि गोळी?”

“घेतली. तिन्ही दिवस. सकाळीच.”

“सुजाताला माहीत आहे?”

“तिनंच परत पाठवलं.”

तो गेला. मी ‘नाही’वरचं पेन उचललं, ‘हो’वर टिक केली, आणि चौकोनाशेजारी, जिथं काही लिहायचं नसतं तिथं, माझ्या शाळेतल्या अक्षरात लिहिलं: तीनदा, गोळी घेतली. स्टुलावरचा माणूस मान तिरकी करून वाचायचा प्रयत्न करत होता. मी त्याची डबी जवळ ओढली.

“बोला, भैया,” मी म्हणाले. “जिस दिन पीते हो, उस दिन गोली का क्या करते हो?”